तीनशे माळा

हर्षदने पांढऱ्या कांद्याची माळ उचलून धरली आणि पात मधेच तुटून चार कांदे अंगणात घरंगळत गेले. बुधवार सकाळपासूनची ही सातवी माळ.

शुक्रवारी मांडव्याच्या बोटीने तीनशे माळा मुंबईच्या एका मोठ्या दुकानात पोचवायच्या होत्या. माल वेळेवर गेला तर गावातल्या अकरा घरांचा यंदाचा सगळा कांदा तेच दुकान घेणार होतं. नाही गेला तर पुढे हर्षदचा फोनही कुणी उचलला नसता. वाशीच्या कंपनीत आठ वर्षं माल पाठवण्याचं नियोजन केलेला माणूस तो. टेम्पो, खोकी, बोटीचं तिकीट, माळा वळायला अकरा बायका, दोन दिवस नऊ ते पाच, सगळं त्याने तक्त्यात चोख बसवलं होतं. तो तक्ता कांद्याला मात्र कुणी दाखवला नव्हता. आता बायका हात आवरून बसल्या होत्या.

शेजारच्या कोकिळाकाकींसारखा माळ वळणारा हात गावात दुसरा नाही. तक्ता होत होता तेव्हा त्या दोनदा सांगायला आल्या होत्या; दोन्ही वेळा हर्षद फोनवर होता.

"दवानं पात नरम असते, तवाच वळते," त्या म्हणाल्या. "उन्हं चढली का मोडते."

पाणी शिंपडलं तर, असं त्याने विचारलं. पाण्याने कांदा सडतो, हे त्यांनी न रागावता सांगितलं. दवाची एकच पहाट हाताशी होती आणि एका पहाटेत एकीच्या हातून फार तर दहा माळा होतात. त्याचं तोंड एवढंसं झालं. काकी चपला घालून खालच्या वाडीकडे निघाल्या.

गुरुवारी फटफटायच्या आत अंगण भरलं. खालच्या वाडीतून वीस बायका आल्या होत्या. ऊन ओट्याला लागलं तोवर तीनशे माळा टांगून झाल्या होत्या आणि हर्षद नुसताच चहाची किटली घेऊन फिरत होता.

शुक्रवारी माल पोचला, हंगामभराची मागणीही पक्की झाली. संध्याकाळी पेढे घेऊन तो खालच्या वाडीत गेला, तर गुरुवारी माळा वळायला आलेल्या अंबिकावहिनींच्या खळ्यात त्यांचा स्वतःचा कांदा तसाच पसरलेला. शेजारच्या खळ्यातही तेच. पात इतकी वाळली होती की आणखी दोन दिवसांनी ती दवालाही दाद देणार नव्हती. आपली पहाट या बायकांनी त्याला देऊन टाकली होती आणि तसं बोलूनही दाखवलं नव्हतं.

शनिवारी पहाटे वहिनी खळ्यात आल्या तेव्हा हर्षद आधीच मांडी घालून बसला होता.

"तुमच्या त्या कागदात आमची वाडी हाय का, भावजी?"

"नव्हती, वहिनी. आता पहिली तीच."

त्याने वळलेली माळ वहिनींनी उचलून पाहिली, सगळी उसवली आणि कांदे परत त्याच्या पुढ्यात ठेवले.

"पुन्ना वळा," त्या म्हणाल्या. "उन्हं यायला अजून येळ हाय."