पुतळाच्या बांधावरचा साग

नव्या घराला माझ्याच सागाची चौकट बसणार, हे मी कळवणच्या बाजारात भेटेल त्याला सांगून ठेवलं होतं. बावीस वर्षांपूर्वी मी आणि माझी बायको पुतळा, आम्ही एकाच दिवशी रोपं लावली. मी विहिरीशेजारी, मधून बैलगाडी वळेल एवढ्या अंतरानं. शेणखत घातलं, पाणी दिलं, शेजारी गवतसुद्धा वाढू दिलं नाही. उरलेली रोपं पुतळानं बांधाकडच्या तुकड्यात दाटीवाटीनं खुपसली.

"अगं, हा काय कोंडवाडा हाय का?" मी विचारलं.

"भांडतील अन् वर जातील," ती म्हणाली. "मागं राहतील ती काढू."

सातव्या वर्षी तिनं किडमिडी झाडं खरंच काढली आणि त्यांचे वासे गोठ्याला लावले. राहिलेली उजेडासाठी चढाओढ करत सरळ वर गेली. माझी मात्र अंगानं भरली, खालपासून ऐसपैस फांद्या पसरून बसली. पाहुण्यांना मी मुद्दाम त्यांच्याखाली चहा द्यायचो आणि तिच्या काटक्यांवरून तिला चिडवायचो.

यंदा रीतसर परवानगी काढून दोन्हीकडची झाडं तोडली. गेणू मिस्त्रीनं माझं लाकूड कापलं, फळीवर हात फिरवला आणि तंबाखू मळत बसला. फळीभर गाठीच गाठी.

"लहानूभाऊ, याला लहानपणी कुणी अडवलंच नाय," तो म्हणाला. "फांद्या माजल्या, त्यांच्या गाठी राहिल्या. वहिनींच्या सागाच्या खालच्या काड्या सावलीनं कोवळ्या असतानाच गळाल्या. बघा, किती साफ निघाला. तुमच्याची म्हशीला गव्हाण करू."

दोन दिवस मी गेणूशी बोललो नाही. त्याचं खरं होतं, म्हणून जास्तच राग आला.

चौकट उभी राहिली ती पुतळाच्या सागाची. पूजेला सगळी भावकी, पाहुणेरावळे जमले. हळदकुंकू वाहिलं, नारळ फुटला. माझा साडू सावळीराम चौकटीवर थाप मारून म्हणाला, "हाच ना तुमचा विहिरीवरचा साग? नाव काढलं राव."

मी तोंड उघडायच्या आत पुतळा म्हणाली, "हो, त्यांचाच. लय जपला त्यांनी."

इतकी वर्षं मी तिला चारचौघांत हसलो आणि तिनं चारचौघांतच मला सांभाळून घेतलं.

"नाय, तिचा हाय," मी मोठ्यानं म्हणालो. "माझा गोठ्यात हाय, म्हशीपुढं. बघायचा तर चला."

पाहुणे खरंच उठले. सगळ्यांच्या पुढे पुतळा होती.