पुलापाशी थांबणारी टिकटिक

मित्रांनो, मी एक जुनी मोटारगाडी आहे. एवढंच मला खात्रीनं माहीत आहे. पुढचं सांगताना माझा गोंधळ उडेल, कारण मी आजारी होते की नव्हते, हेच मला कितीतरी दिवस कळत नव्हतं.

कारखान्यातून निघाले तेव्हा माझा रंग आकाशी होता आणि आवाज लोण्यासारखा मऊ. आता रंगाबद्दल न बोललेलंच बरं! माझी मालकीण शिंपीणबाई. तीस वर्षं तिनं शाळेचे गणवेश शिवले आणि माझ्या मागच्या सीटवर रचून घरोघर पोचवले. तिचे यजमान भारी थट्टेखोर, पण गाडी चालवायची म्हटलं की हातपाय गाळणारे.

एका सकाळी मला चालू करताच ती दचकली. "अहो, हिच्यात काहीतरी टिकटिक वाजतंय. शिलाई मशीनसारखं."

"अगं, तीस वर्षं मशीन चालवलंस. आता ते कानातच जाऊन बसलंय," यजमान हसले.

टिकटिक होती खरी. पण ती माझ्यातूनच येत होती का? वाटेतल्या पुलापाशी पोचेपर्यंत ती थांबली आणि मला वाटलं, भास झाला असेल. पुलापलीकडच्या गॅरेजात तर मी अगदी गुणी बाळ! मेकॅनिकनं बॉनेट उघडून ऐकलं आणि म्हणाला, "काकू, गाडी ठणठणीत आहे." दुसऱ्या खेपेला त्यानं ऑइल बदललं, तिसऱ्या खेपेला टॅपेट की काय ते नीट केलं. पण सकाळी पुन्हा टिकटिक, पुलापाशी पुन्हा चिडीचूप. शपथ सांगते, मी मुद्दाम करत नव्हते.

त्यातच तिचं डोकं दुखू लागलं. रोज सकाळी, गाडीत बसलं की. यजमान म्हणाले, "आधी कान, आता डोकं. वय झालं आपलं. गाडी भंगारात देऊन टाकू." तिलाही आता स्वतःचा भरवसा वाटेना. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण सांगणार काय? कुठं दुखतंय, ते मलाच ठाऊक नव्हतं.

शेवटचं म्हणून ती गॅरेजात गेली. "कानच गेले असतील माझे. पुलापर्यंत वाजतं, मग थांबतं. असं कधी असतं का?"

मेकॅनिक हात पुसता पुसता थांबला. "म्हणजे इंजिन तापलं की थांबतं! अहो काकू, हे आधी का नाही सांगितलंत?"

"आधी विचारलंत का?"

त्यानं मला गॅरेजातच ठेवून घेतलं. सकाळी ती परत आली, गार इंजिन चालू झालं आणि टिकटिक! "वाजतंय, काकू!" तो ओरडला. तिचे डोळे भरून आले. पण वाजतंय कुठं? मेकॅनिक कानाला नळी लावून शोधत राहिला, तर आवाज सगळीकडूनच येई. मग शिंपीणबाईनं बाहीला चिकटलेला दोरा काढला, पेचकसाच्या टोकाला बांधला आणि मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनचा धूर गोळा करून बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या, जोडांवरून फिरवला. तिसऱ्या जोडाशी दोरा थरथरला. तिथं काजळी साचली होती आणि एका बोल्टचं डोकंच उडालं होतं.

"तापलं की लोखंड फुगतं आणि फट मिटते," मेकॅनिक म्हणाला. "गार असताना धूर सटकून थेट तुमच्या नाकात. डोकं दुखेल नाहीतर काय! असंच चाललं असतं, तर जिवावर बेतलं असतं."

म्हणजे जिनं मला जपलं, तिलाच मी धूर पाजत होते? मला ब्रह्मांड आठवलं.

तुटका बोल्ट निघता निघेना. तेल सोडून, ठोकून, शिव्या घालून एकदाचा निघाला. नवं पॅकिंग बसलं. मेकॅनिक मधल्यापासून कडेकडे जात बोल्ट आवळू लागला, तेव्हा शिंपीणबाई म्हणाली, "अस्तराला टाचण्याही अशाच लावतात. नाहीतर चूण पडते."

दुसऱ्या सकाळी यजमान स्वतः शेजारी येऊन बसले. तिनं मला चालू केलं.

"अहो, ऐकू येतंय काही?"

"नाही गं."

"मलाही नाही," ती म्हणाली आणि हसता हसता डोळे पुसू लागली.

मित्रांनो, गाडी असो की घरातलं माणूस, 'काहीतरी होतंय' असं कुणी म्हणालं, तर उडवून लावू नका. कधी होतं, कुठवर होतं, ते विचारा. तापलेल्या गाडीकडून खरं कळत नाही.

मी मात्र अजून गोंधळलेलीच आहे. तापल्यावर दुखणं का लपावं, ते मला नीट उमगत नाही. पण यजमान रोज सकाळी खिडकीशी वाकून विचारतात, "डोकं दुखतंय का गं?" ती वैतागते, "अहो, महिना झाला, नाही दुखत!" तरी दुसऱ्या दिवशी ते विचारतातच. का विचारतात, ते मला बरोबर कळतं.