जावईबापूंचं वायरिंग

मिस्त्रींनी बॉनेट उचललं आणि आत धड न बघताच तोंड वाकडं केलं. जावयाने प्रत्येक वायर नळीत घालून, पट्ट्यांनी आवळून बसवली होती. नुसता नट्टापट्टा! तीन महिन्यांचा कोर्स आणि मोबाइलवरचे व्हिडिओ, एवढ्या शिदोरीवर या गृहस्थाने सासऱ्याची शेड सोडून स्वतःचं दुकान थाटलं होतं. पोरीने काय बघून याला पसंत केलं, देव जाणे.

शेडच्या दाराशी, गाडीच्या मागच्या बाजूला, शाळेच्या अकरा गाड्या चालवणाऱ्या बाई उभ्या होत्या. या गाड्यांना दिवसा पुढे पांढरे दिवे जळत. हेडलाइट लावला की ते आपोआप मंद व्हायला हवे होते, नाहीतर समोरच्याचे डोळे दिपत. ही पहिली गाडी जावयाने केली होती. मिस्त्रींनी पास केली तर उरलेल्या दहाही त्याला. बाईंचा विश्वास मिस्त्रींवर होता, जावयाचं दुकान मात्र या दहा गाड्यांवर तरणार होतं.

"लावा हेडलाइट, जावईबापू."

आत दिवे मंद करणारा रिलेचा स्विच टक् करून वाजला. मिस्त्री गाडीपुढे गेले, डोळे बारीक करून वाकले. पांढरे गोळे होते तसेच होते.

"रिले नुसता वाजतोय. उजेड तेवढाच."

जावई खाली उतरून पुढे आला. त्याने दिव्यांकडे पाहिलं, मग बराच वेळ सासऱ्यांकडे.

"राहिलं असेल माझ्याकडून, मामा," तो हळूच म्हणाला.

मिस्त्रींना चेवच आला. बाईंना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी त्याच्या कोर्सचे, दुकानाच्या पाटीचे, त्या रंगीत पट्ट्यांचे वाभाडे काढले. रिलेला जोडलेल्या पांढऱ्या रेझिस्टरमधून करंट गेला तरच दिवा मंद होतो आणि रेझिस्टर तापतो, एवढंही या शहाण्याला ठाऊक नव्हतं. कुठे माती खाल्ली ते दाखवतोच, म्हणत त्यांनी बॉनेटखाली हात घातला आणि थंडगारच असणार या खात्रीने तो रेझिस्टर मुठीत धरला.

चर्रकन चटका बसला.

हात तिथेच राहिला, क्षणभर जास्तच. मग मिस्त्रींनी तो सावकाश बाहेर काढला आणि खिशात घातला. दिव्यांकडे पुन्हा वाकून पाहिलं. गोळे तेवढेच.

"मामांचं बरोबर आहे, बाई," जावई म्हणाला. "बाकीच्या गाड्या त्यांच्याकडेच राहू द्या."

बाई वैतागल्या. "अहो मिस्त्री, एकदा नीट सांगा. मंद होतात की नाही?"

"ह्यांना विचारा," मिस्त्री खेकसले. "मला दिसत नाही."