डोमाचा बसलेला गळा

हत्तींवर ओरडून काही उपयोग होत नाही, हे डोमाला ठाऊक होतं. तरी सगळं गाव ओरडत होतं, आणि गाव ओरडत असताना आपण गप्प बसलो तर लोक म्हणतात, याच्या धानाला धक्का लागला नाही म्हणून हा मुका झाला. म्हणून छत्तीसगडाकडून आलेला कळप कापून रचलेल्या धानाच्या पुंजण्यांपाशी दिसला, तेव्हा डोमाने डबा बडवला आणि गळा फाटेस्तोवर आरोळ्या ठोकल्या. हत्तींनी पोटभर खाल्लं, सोंडा झाडल्या आणि आपल्या सवडीने रानात गेले. डोमाचा आवाज मात्र त्यांच्याबरोबर गेला तो परत आलाच नाही.

सकाळी त्याने बायकोला, मंगलीला, हाक मारली तर तोंडातून नुसता वारा निघाला. मंगलीने शेगडीवरचं पाणी उतरवलं, त्यात मीठ-हळद टाकली आणि तांब्या त्याच्या हातात दिला. हा संसार आवाजाशिवायही चालतो, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

पण वेळ नको ती होती. दुसऱ्या दिवशी करिश्माला, त्यांच्या एकुलत्या एका पोरीला, मागणी घालायला लोक यायचे होते. आणि त्यांच्यात मागणीच्या दिवशी बापाला आवाज लागतोच. मुलाकडचे मोहाच्या दारूची बाटली आणतात आणि पोरीच्या बापापुढे ठेवतात. बाप सगळ्यांसमोर पोरीला विचारतो, हे पिऊ का? पोरगी ‘प्या’ म्हणाली तर तो पितो आणि सोयरीक जुळते. ‘नका’ म्हणाली तर बाटली आली तशी परत जाते, भांडण नाही, तंटा नाही. न विचारता पिणारे बापही असतात. मग दिलेला शब्द फिरत नाही. डोमाच्या बहिणीची, बुधरीची, बाटली त्यांच्या बापाने अशीच पिऊन टाकली होती. बुधरी नांदली, तिला पोरं झाली, काही कमी पडलं नाही. फक्त माहेरी आली की बापाच्या हातचं पाणी घेत नसे. डोमाने ते लहानपणापासून पाहिलं होतं, आणि करिश्मा झाली त्या दिवशीच ठरवलं होतं की हिला विचारायचं.

गळा बसल्याची बातमी गावात पसरली आणि औषधं चालत येऊ लागली. कुणी अडुळशाच्या पाल्याचा काढा आणला, कुणी आलं-गुळाचं पाणी, कुणी रानातला मध आणि मिरे. लाल मुंग्यांचा आंबट रस्सा आला, तो प्याल्यावर डोमाच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि आणणारा म्हणाला, हे बघ, गुण आला. नाही म्हणायची सोय नव्हती, कारण एकाचं प्यालं आणि दुसऱ्याचं ठेवलं तर दुसरा पुढच्या वर्षी धानाच्या रोवणीला मदतीला येत नाही. प्रत्येक औषध थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीतून आलं होतं. गावात बाटल्या भरपूर आहेत, थंड पेय कोण पितं ते कळत नाही. मंगलीने सगळ्या बाटल्या चुलीवरच्या फळीवर ओळीने मांडल्या.

गावात आरोग्याचं काम पाहणारी आशाताई सरिता आली, तिने टॉर्च लावून घशात पाहिलं. म्हणाली, “गरम पाणी प्या, पेज प्या, अन् बोलू नका. ताप आला तं दवाखान्यात या.” फळीकडे पाहून तिने टॉर्च पिशवीत टाकला. शेजारची सोमारी दारातूनच म्हणाली, “मोहाची गरम कर, मिरे टाक. पाठवीन मी बाटली.” जिल्ह्यात दारूबंदी असल्यामुळे हे तिने हळू आवाजात सांगितलं, म्हणजे तीन घरांना ऐकू गेलं.

डोमा मग उरलेलं धान सावरायला शेतात गेला. दुपारी परत आला तेव्हा घरात कुणी नव्हतं. फळीवर मोहाच्या वासाची बाटली होती. सोमारी शब्दाला पक्की, असं मनात म्हणत त्याने अर्धी बाटली पातेल्यात ओतली, मिरे ठेचून टाकले, गरम केली आणि फुंकर घालत प्यायली. गळ्याला बरं वाटलं. औषधात इतका गुण असू शकतो याचं त्याला नवल वाटलं.

तेवढ्यात सोमारी आली. तिच्या हातात बाटली होती.

तिच्या मागे मंगली आली, तिने पातेलं पाहिलं, फळी पाहिली आणि खाली बसली. डोमा शेतात गेल्यागेल्या मध्यस्थ पत्रू येऊन गेला होता. उद्या फटफटीवर बाटली घेऊन येताना नाक्यावर कुणी अडवलं तर, म्हणून त्याने मागणीची बाटली आजच ठेवून दिली होती. मंगलीने ती फळीवर ठेवली होती, कारण बाटल्या फळीवर ठेवायच्या असतात.

आणि दारात करिश्मा उभी होती. ती कुरखेड्याला औषधाच्या दुकानात कामाला जायची. बापासाठी चघळायच्या गोळ्या घेऊन आज लवकर आली होती. कामाला निघताना तिने पत्रूला बाटली देताना पाहिलं होतं, त्यामुळे फळीवरची बाटली कुणाची ते तिला माहीत होतं.

“पेल्ले?” तिने विचारलं.

डोमाने तोंड उघडलं. वारा निघाला. त्याने गळ्याकडे बोट केलं, पातेल्याकडे केलं, मग पोटावर हात फिरवला. पेलो, गोड लागली, मन भरलं, एवढाच त्याचा अर्थ निघत होता. लिहून सांगावं तर त्याला सहीच येत होती, आणि सहीत काही सांगता येत नाही. करिश्माने गोळ्या चुलीजवळ ठेवल्या आणि आत गेली. ती रडली असती तर डोमाला बरं वाटलं असतं.

मंगलीला हा मुलगा हवा होता. खरं तर डोमालाही हवा होता. पवन बल्लारपूरला कागद कारखान्यात कामाला होता, दारूला शिवत नव्हता, बोलायला सरळ होता. “पेले तं पेले,” मंगली म्हणाली. “पोरगा चांगला हाये. देवाच्याच मनात असन.” तिने सोमारीच्या बाटलीतून दारू ओतून पत्रूची बाटली गळ्यापर्यंत भरली, बूच घट्ट लावलं आणि पुसून ठेवली. सोमारीने हे सगळं पाहिलं आणि आपण काही पाहिलं नाही असं सांगायला ती दोनदा परत आली.

डोमा पेज पीत बसला. त्याला वाटलं, आपण आपल्या बापापेक्षा शहाणे, असं इतकी वर्षं समजत होतो. पोरगी रात्री जेवली नाही. सकाळी तिने त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला, पण हातात दिला नाही.

पाहुणे आले. पत्रू पुढे, मागे पवन आणि त्याचा बाप. खुर्च्या मांडल्या, पाणी झालं, चहा झाला. बाटली डोमापुढे आली. करिश्मा दाराला टेकून उभी राहिली, जणू मागणी दुसऱ्या कुणाची होती. डोमाने विचारायला तोंड उघडलं आणि वारा निघाला.

“गरा बसला हाये त्याचा,” पत्रू पाहुण्यांना म्हणाला. मग डोमाला म्हणाला, “इशारा कर गा, चालते. पोरगी काय नाई म्हनून राह्यली? घे, पे.”

मंगलीने पेला पुढे सरकवला. सगळं इतकं सोपं होतं. पेला उचलला असता तर गळ्यालाही आराम पडला असता. डोमाने पेला पालथा घातला आणि हाताने खूण केली, गरम पाणी.

मग पाहुण्यांसमोर त्याच्या गुळण्या सुरू झाल्या. मिठाच्या झाल्या, हळदीच्या झाल्या. गोळी चघळून झाली. मध चाटून झाला. मधूनमधून तो तोंड उघडून पाहायचा आणि सगळे पुढे वाकायचे, मग सगळे मागे टेकायचे. पवनच्या बापाने आपल्यालाही सकाळपासून घसा खवखवतो असं सांगून अडुळशाचा काढा मागून घेतला. चूल विझायला आली तेव्हा पवन स्वतःच उठला, लाकडं सारली आणि फुंकणी घेऊन बसला. राख त्याच्या नव्या शर्टावर उडाली, तरी तो उठला नाही. डोमाला तो आणखी आवडला. हे डोमाला नको होतं.

उन्हं अंगणात आली तेव्हा पत्रूने घड्याळ पाहिलं. “गावात असे कितीक लगन झाले, कोन इचारते गा एवढं?”

डोमाने शेवटचा घोट घेतला, खाकरला, आणि खरवडलेल्या तव्यासारखा एक आवाज निघाला. “पोरी. हे पेऊ का?”

करिश्माने त्याच्याकडे पाहिलं. “काल तं पेल्ले ना तुमी.”

पत्रूने भरलेल्या बाटलीकडे पाहिलं. मंगलीने पदर सारखा केला.

“काल औषद म्हनून पेलो,” डोमा म्हणाला. एकेक शब्दाला त्याचा घसा सोलून निघत होता. “सोमारीची समजलो. चुकलो मी. ते धरू नोको. आज इचारून राह्यलो.”

करिश्माने चुलीपाशी बसलेल्या पवनकडे पाहिलं, त्याच्या राखेच्या हातांकडे पाहिलं. मग बापाकडे वळली.

“नोका पेऊ, बा,” ती म्हणाली.

डोमाला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं, कारण असा जावई त्याला परत मिळणार नव्हता. त्याने बाटली उचलली आणि पत्रूच्या हातात दिली. पवनने हात धुतले, मंगलीला नमस्कार केला आणि गाडी सुरू केली. पवनच्या बापामागे बसताना पत्रू म्हणाला, “आखीन एक दिवस गरा बसला असता तं सोयरीक जुडली असती.” कुणी हसलं नाही, कारण ते खरं होतं.

मंगली आत जाऊन भांडी आपटू लागली. अंगणात डोमा एकटा उरला. करिश्माने पाणी कोमट केलं आणि तांब्या त्याच्या हातात दिला. तो पीत असताना ती त्याच्याजवळ खाली बसली.

“आज आवाज निंघाला नसता तं, बा?”

आवाज पुन्हा बसत चालला होता. डोमाने उरलासुरला गोळा केला.

“तं उद्या इचारलं असतं,” तो म्हणाला.