तार घालायची राहिली

मी आर्वोच्या बोटीच्या इंजिनाचा ड्रेन प्लग बोलतोय. बूच म्हणा हवं तर. माझ्या आधी इथं लोखंडी प्लग होता. तो गंजून असा बसला, की काढताना त्याचं डोकंच तुटलं. मग आर्वोनं घरामागच्या लेथवर मला पितळेतून घडवलं, आटे पाडले, गळ्यात तांब्याची चकती घातली आणि बायकोला दाखवलं.

"लेम्पी, बघ. तुझ्या अंगठीपेक्षा चांगला झालाय."

"असणारच. अंगठी तू घाईत घेतली होतीस."

समुद्राचं पाणी आत खेचून आमचं इंजिन थंड राहायचं. पण आम्ही राहायचो त्या उत्तरेकडच्या बेटाभोवतीचा समुद्र हिवाळ्यात गोठतो. इंजिनात पाणी राहिलं तर तेही गोठतं, फुगतं आणि बिडाचं इंजिन तडकतं. म्हणून दर ऑक्टोबरात बोट किनाऱ्यावर ओढली, की आर्वो मला काढून आतलं पाणी सोडून द्यायचा.

कधी मला काढलं तरी थेंब येत नसे. गंज आणि गाळ साचून भोक बुजलेलं असे. नवशिक्याला वाटावं, रिकामं आहे. आर्वो फसायचा नाही. लांब तार घालून ढोसायचा. आधी तांबडा चिखल यायचा, मग भळाभळा पाणी. नंतर मला घासूनपुसून, चकती बदलून, ग्रीस लावून डब्यात ठेवायचा. एकोणतीस वर्षं असं चाललं.

मग तो विसरू लागला. एकदा कॉफी न घालताच नुसतं पाणी उकळून त्यानं दोन कप भरले. लेम्पी मुकाट्यानं प्यायली. पलीकडच्या किनाऱ्यावरच्या तुर्कू शहरातून मुलगा आला आणि म्हणाला, "आई, बोट चालतेय तोवर राहा इथं. ती बंद पडली की माझ्या गावात यायचं. डॉक्टरकडे पोचायला दुसरा रस्ता आहे का?" लेम्पीनं मान डोलावली.

आर्वो म्हणाला, "सकाळी तू अंथरुणातून उठेपर्यंत माझी बोट बंदराला लागते. मला सांगतोय."

गेल्या ऑक्टोबरात त्यानं मला काढलं. थेंब आला नाही. त्यानं भोकात बोट घातलं, ते कोरडंच निघालं. आत पाणी आहे हे मला ठाऊक होतं. काहीतरी आठवत असल्यासारखा तो उभा राहिला. मला फार वाईट वाटलं.

लेम्पीनं पायरीवरून विचारलं, "आर्वो, तार घातलीस का?"

"घातली की. आता तू शिकवणार मला?"

तार खिळ्याला टांगलेली होती. ती लेम्पीला दिसतही होती. पण त्याचा चेहरा लाल झाला होता, आणि त्याला खोटं पाडायचं नाही असं तिनं ठरवलेलं होतं. मागाहून गुपचूप आपणच घालू, असं तिच्या मनात असावं. त्याच संध्याकाळी आर्वोला ताप भरला आणि ते राहून गेलं.

वसंतात शेजारच्या बेटावरचा मेकॅनिक क्योस्ती आला. त्यानं मला बसवलं, इंजिन सुरू केलं. कडेनं पाणी गळू लागलं. वीतभर तडा गेला होता.

"संपलं हे," तो म्हणाला. "पाणी राहिलं होतं आत. कुणी काढलं होतं?"

आर्वो इंजिनावर वाकला. तो माझ्याकडं पाहत होता.

"मी," लेम्पी म्हणाली. "यंदा मीच काढलं. तार घालायची विसरले."

आर्वोनं मोठा श्वास घेतला आणि तिला धारेवर धरलं. "इतकी वर्षं डोळ्यांदेखत बघतेस, तरी एवढं कळू नये? घर घालवलंस माझं."  तिच्या वाकड्या झालेल्या बोटांनी लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडत नाही, हे क्योस्तीला माहीत होतं. तो पाना पुसत बसला.

इंजिन भंगारात गेलं. मी आता तुर्कूत, पाचव्या मजल्यावरच्या खिडकीत असतो. आर्वो मला हातात घेतो. बहुतेक दिवस मी कशाचा आहे हे त्याला कळत नाही. एखाद्या दिवशी मात्र तडकलेलं इंजिन आठवतं आणि तो तिच्यावर भडकतो.

"तुझ्यामुळे झालं."

"हो, माझ्यामुळेच," असं म्हणत ती त्याचा बटाटा सोलून देते.

तुम्ही कधी त्या घरी गेलात, तर तो तुमच्यापाशी तिची कागाळी करील. ऐकून घ्या. त्याला खरं काय ते सांगू नका.