चौथ्या ग्लासातली बारोलो

चौथा ग्लास नाकाशी नेला आणि तसाच खाली ठेवला. ओल्या, कुबट फडक्याचा वास. हा वास मी कुठेही ओळखला असता. आमच्या बाबांच्या जुन्या लाकडी पिंपाचा.

बाटलीवर 'बारोलो' हे आमच्याकडच्या महागड्या रेड वाइनचं नाव लिहायचं, तर ती वाइन आधी आम्हा पाच चाखणाऱ्यांच्या टेबलावर येते. ग्लासवर नुसता आकडा. कुणाची आहे हे ओळखू आलंच, तर गुपचूप उठून जायचं, असा नियम आहे. एकदा नापास झाली तर आणखी एक संधी मिळते. दुसऱ्यांदाही नापास, की वर्षभराचा घाम साध्या वाइनच्या भावात जातो.

माझा धाकटा भाऊ एवासिओ एकदा नापास झालेला. बाबा गेल्यावरची त्याची ही पहिलीच बारोलो, आणि फेरतपासणीची मुदत त्याच आठवड्यात संपत होती. तीन महिन्यांपूर्वी त्याच्या तळघरात उभी राहून मी त्याला चांगलं झापलं होतं, ते पिंप कुजलंय, फोडून चुलीत घाल म्हणून. तो म्हणाला, बाबांचं आहे ते, तू लग्न करून गेलीस, तुला काय त्याचं? तेव्हापासून बोलणं बंद.

मी उठले नाही. बूड हलेचना माझं.

चौघांच्या चिठ्ठ्या अध्यक्ष गुआल्तिएरोंकडे गेल्या. दोन पास, दोन नापास.

"बाई, तुमच्यावर अडलंय," ते म्हणाले.

मी पुन्हा घोट घेतला. आंबूस, मेलेली वाइन. वीस वर्षांत असलं काही मी पुढे जाऊ दिलं नव्हतं, मग समोरचा कितीही रडो. बाबा तर गेलेच, आता भाऊही कायमचा जाईल, एवढंच डोक्यात घुमत होतं. मी 'पास' लिहिलं, सही ठोकली. लाज वाटली. आणि खरं सांगते, हलकंही वाटलं.

संध्याकाळी घरी आले, तर एवासिओ माझ्या स्वयंपाकघरात सुक्या मांसाची सलामी कापत बसलेला. बातमी इतक्यात फुटली की काय?

पण तो खाली मान घालून म्हणाला, "ताई, मी दुसऱ्यांदा पाठवलीच नाही. सगळी साधी म्हणून विकून टाकली. बाबांचं पिंपही काल फोडलं. तुझंच खरं होतं."

मी खुर्ची ओढून बसले. मग तो चौथा ग्लास कुणाचा होता? कुणाचा का असेना, माझ्या सहीने पास झाला होता. एवासिओला वाटलं, मला पिंपाचं वाईट वाटलं. त्याने माझ्यापुढे सलामी सरकवली.

"पुढच्या वर्षी आधी तूच चाख," तो म्हणाला. "तू हो म्हणालीस तरच पाठवेन. दुसऱ्या कुणावर माझा विश्वास नाही."

मला हो म्हणता येईना.