गुलीजारच्या घरी सांत्वनाला आलेली माणसं

गुलीजारला माती दिली त्या दुपारी तिच्या घरातली बैठकीची खोली लांबायला लागली. तुर्कस्तानातल्या दियारबाकर शहरातल्या त्या लहानशा घरात एरवी दहाबारा माणसं जेमतेम मावत. पण सांत्वनाला लोक येत राहिले, भिंतीकडेनं बसत राहिले, आणि खोली त्यांना जागा करून देत पुढे सरकत राहिली. कुणाला त्याचं नवल वाटलं नाही. गुलीजारची मुलगी रोजदा चहाचं तबक घेऊन फिरत होती. तिला एवढंच जाणवलं, की खोली लांबते तशी अरुंदही होतेय.

गुलीजारचं माहेर चळवळीतलं. वडील तुरुंगात, भाऊ भूमिगत, बहीण कुर्दी भाषेच्या हक्कासाठी सभा गाजवणारी. गुलीजारनं कधी भाषण केलं नाही. ती या सगळ्यांसाठी रोट्या भाजायची आणि तुरुंगाच्या फाटकाशी उभी राहायची. लहानपणी रोजदाला वाटे, आई सगळ्यांची आहे. सगळ्यांचं झाल्यावर उरेल ती माझी.

आधी शेजारी होते. त्यांच्यापुढे तुरुंगातून सुटून आलेले. त्यांच्याही पुढे, कधीच न सुटलेले. त्यांनीही चहा घेतला.

"तुझ्या आईनं मला तिचे बूट दिले होते," एक म्हातारी म्हणाली. "फाटकाबाहेर, बर्फात. स्वतः नुसत्या मोज्यांवर घरी गेली."

"मला ठाऊक नव्हतं."

"ती कशाला सांगतेय! साखर आहे का गं आणखी?"

रोजदानं साखर दिली. आता समोरासमोर बसलेल्यांचे गुडघे एकमेकांना लागत होते. ती आडवी होऊन पुढे सरकली.

पुढे बारान बसला होता, गुलीजारचा धाकटा भाऊ. रोजदा तान्ही असताना तो डोंगरात मारला गेला. तिनं त्याला फोटोत पाहिलं होतं, तेवढाच तरुण तो अजून होता.

"मामा, चहा घ्या."

"पोरी, मांडीवर डाग आहे तुझ्या?"

"आहे. जन्मखूण आहे, असं आई म्हणायची."

"चिमटा आहे तो. सैनिक घरात शिरले तेव्हा मी पेटीत लपलो होतो. तुझी आई पेटीवर बसली, मांडीवर तू. तिचे पाय लटलटत होते, झाकण वाजत होतं. तो आवाज झाकायला तिनं तुला चिमटा काढला. तू असं भोकाड पसरलंस, की सैनिक वैतागून निघून गेले."

"आई घाबरली होती?"

"भयंकर. मग तुला पोटाशी धरून दिवसभर माफी मागत होती. मी पेटीतून ऐकत होतो."

रोजदानं एक हात मांडीवर, त्या डागावर ठेवला. इतकी वर्षं ती आईतल्या आपल्या वाट्याची वाट पाहत होती, आणि तो वाटा तर अंगावरच होता. "बरं झालं, रडले," ती म्हणाली.

"फार बरं झालं," बारान म्हणाला आणि त्यानं पेला घेतला.

दोन्ही भिंती आता तिच्या खांद्यांना टेकल्या होत्या. मागे वळायला जागा नव्हती. तबकात एकच पेला उरला होता. पुढे, खोली जिथं अजून लांबतच होती तिथं, गुलीजार पाठमोरी बसली होती. तिनं मागे पाहिलं नाही. ती जराशी सरकली आणि शेजारची जागा हातानं थोपटू लागली.